बॅलार्ड पिअर मोल : एका बंद स्थानकाची हकिकत



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून दरसाल मोठमोठ्या विषयांचा ऊहापोह होतो. राज्ये, ग्रंथ, संत, समाजसुधारक ह्यांवर अधिकारी मंडळी बोलतात आणि आम्ही ते श्रोत्यांत बसून ऐकत आलो आहो. ह्या वेळी चालकांनी आम्हांलाच उभे केले, तेव्हा आम्ही विषय निवडला तो एका रेल्वे स्थानकाचा. आणि तेही असे स्थानक, की जेथे आज गाडी येत नाही आणि जेथून ती सुटतही नाही. आम्ही इतिहासाचे पदवीधर नव्हे. शाळा लवकर सुटली. पुढचे शिक्षण गोदीच्या फाटकावर आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर झाले. कामगारांच्या संघटनेचे काम करताना एक गोष्ट मात्र ध्यानात आली. ज्या जागी काम बंद पडते त्या जागेचा इतिहास फार लवकर पुसला जातो, आणि पुसला जातो तो बहुधा खालच्या बाजूने. वरच्या नावांच्या पाट्या राहतात. खालचे लोक नाहीसे होतात. बॅलार्ड पिअर मोल ह्या स्थानकाचे असेच झाले आहे.

प्रथम नावाचा उलगडा करू. 'मोल' हा इंग्रजी शब्द आहे. समुद्रात दगडाचा भरभक्कम बांध घालून त्याच्या आश्रयाला गलबते लावतात, त्या बांधाला हे नाव. मराठी कानाला मात्र 'मोल' म्हटले की किंमत आठवते आणि पाठोपाठ मोलमजुरी आठवते. हा निव्वळ योगायोग आहे. पण आमच्या मते तो अर्थपूर्ण योगायोग आहे. राहिले 'बॅलार्ड'. कर्नल जॉन बॅलार्ड हे मुंबईच्या टांकसाळीचे प्रमुख होते. १८७३ साली बॉम्बे पोर्ट ट्रस्ट स्थापन झाला तेव्हा ते त्याचे पहिले अध्यक्ष झाले. त्यांचे नाव धक्क्याला लागले, धक्क्याचे बाजूच्या वसाहतीला लागले आणि ते आजही टिकून आहे.

आता हा धक्का मुळात हवा कशाला, ह्याचा विचार करू. मुंबईचे बंदर नैसर्गिक म्हणून आपण त्याची वाखाणणी करतो. परंतु उधाणाच्या दिवसांत येथे भरती-ओहोटीतला फरक पंधरा फुटांच्या घरात जातो. भांगाच्या दिवसांत तो कमी असतो, हे कोळी बांधवांना सांगावयास नको. एवढे पाणी चढत-उतरत असता मोठी बोट उघड्या धक्क्याला लावून माल काढणे अवघड. म्हणून भिंती बांधून, आत पाणी कोंडून, फाटके लावलेल्या गोद्या बांधाव्या लागल्या. १८७५ साली ससून डॉक झाला, १८८० साली प्रिन्सेस डॉक झाला आणि पाठोपाठ व्हिक्टोरिया डॉक. अशा गोदीत बोट शिरते ती भरतीच्या वेळापत्रकाने. मालाच्या बोटीला वाट पाहणे परवडते; विलायतच्या टपालाला परवडत नव्हते. त्या काळी टपालाची बोट बंदरात नांगर टाकून उभी राही आणि उतारू, पेट्या व टपालाच्या थैल्या लहान बोटींतून अपोलो बंदराला आणाव्या लागत. साम्राज्याचा कारभार कागदावर चालतो. लंडनचा कागद लाहोरला एक दिवस आधी पोहोचावा, ह्यासाठी लाखो रुपये खर्चण्याची राज्यकर्त्यांची तयारी होती.

ह्या गरजेतून विसाव्या शतकाच्या आरंभी मोठे काम निघाले. १९०५ साली त्या वेळचे प्रिन्स ऑफ वेल्स मुंबईस आले असता अलेक्झांड्रा डॉकचा पाया घातला गेला. त्या गोदीला आज इंदिरा गोदी म्हणतात. १९१४ साली ती खुली झाली. तिच्या प्रवेशद्वाराचे कुलूपबंद पात्र साडेसातशे फूट लांब आणि शंभर फूट रुंद आहे. त्यावरून कामाच्या आवाक्याची कल्पना येईल. गोदीसाठी जी माती आणि जो खडक उपसला, त्यानेच शेजारचा समुद्र बुजवून सुमारे बावीस एकरांची नवी जमीन केली. तीच बॅलार्ड इस्टेट. तेथील इमारतींना एकसारखे, शिस्तशीर रूप देण्याचे काम जॉर्ज विटेट ह्या वास्तुशिल्पज्ञाकडे होते. गेट वे ऑफ इंडिया आणि प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमही त्यांचेच. आज त्या रस्त्यांवरून हिंडणारा माणूस इमारतींच्या कमानी न्याहाळतो. आपण ज्या जमिनीवर उभे आहो ती कोणी पाटीपाटीने वाहून आणून येथे ओतली, हे त्याला कोणी सांगत नाही.

गोदी आणि वसाहत ह्यांच्या जोडीला तिसरी गोष्ट आली ती पोर्ट ट्रस्टची स्वतःची रेल्वे. १ जानेवारी १९१५ रोजी ती खुली झाली. बॅलार्ड पिअरपासून वडाळ्यापर्यंत सुमारे सात मैल तिचा मार्ग, आणि तेथून ती जी. आय. पी. व बी. बी. सी. आय. ह्या दोन्ही मोठ्या रेल्वेंना जोडलेली. गोदीच्या धक्क्यावर ठेवलेली कापसाची गठडी एकदा वाघिणीत चढली की ती देशात कोठेही जावी आणि देशातले धान्य थेट बोटीच्या पोटाशी यावे, ही त्यामागची योजना. मालाच्या ह्या मार्गाच्या टोकाला उतारूंचे एकच मोठे स्थानक होते, ते म्हणजे आमचे बॅलार्ड पिअर मोल.

येथून कोणत्या गाड्या सुटत? जी. आय. पी. रेल्वेची पंजाब लिमिटेड ही १९१२ साली सुरू झाली. टपालाच्या ठरावीक दिवशी ती बॅलार्ड पिअरवरून निघे आणि इटारसी, आग्रा, दिल्ली, लाहोर ह्या मार्गाने थेट पेशावरला जाई. २,४९६ किलोमीटरचे अंतर ती ४७ तासांत तोडी. तिला सहा डबे असत. तीन टपालाचे आणि तीन उतारूंचे. आणि त्या तीन डब्यांत मिळून जागा अवघ्या ९६ माणसांना. पुढे हीच गाडी बोरीबंदरला हलली आणि पंजाब मेल ह्या नावाने सर्वांच्या परिचयाची झाली. १९२८ च्या १ सप्टेंबरला बी. बी. सी. आय. रेल्वेने तिच्याशी स्पर्धा म्हणून फ्राँटियर मेल सुरू केली. ती एरवी कुलाब्याहून सुटे, पी. अँड ओ. कंपनीची टपालबोट लागली की मात्र बॅलार्ड पिअर मोलवरून. कलकत्त्याकडे जाणारी इंपीरियल इंडियन मेलही आगबोटीच्या उतारूंसाठीच होती.

ह्या स्थानकाचा सारा डौल एका गोष्टीत होता. बोटीचा जिना उतरला की चार पावलांवर गाडीचा डबा. सरकारी अंमलदारांपाशी बोटीचे आणि रेल्वेचे मिळून एकच तिकीट असे. साउदॅम्प्टनहून तेरा दिवसांचा समुद्रप्रवास संपवून साहेब आणि मडमसाहेब उतरत, जकातीचे सोपस्कार होत, आणि मुंबई शहराचा एकही रस्ता न तुडविता ते पेशावरच्या वाटेला लागत. गेट वे ऑफ इंडिया १९२४ साली पूर्ण झाला, त्याची चित्रे घरोघरी लागली. परंतु तो साम्राज्याचा दिवाणखाना होता. साम्राज्याची रोजची ये-जा झाली ती ह्या मोलवरून.

ही झाली उतारूंची बाजू. आता दुसरी बाजू पाहू. इतिहासाच्या पुस्तकांत गाडीचा वेग असतो. तो वेग कशाने येतो, ह्याचा हिशेब नसतो. ४७ तासांत पेशावर गाठावयाचे तर बोट धक्क्याला लागल्यापासून गाडी सुटेपर्यंतचा वेळही मोजला जाणार. तो कमी करावयाचा तर एकच उपाय: माणसे जास्त लावा आणि त्यांना पळवा. एडन ते मुंबई ह्या प्रवासात बोटीवरच टपालाची छाननी करण्याची पद्धत कित्येक वर्षे होती, ती ह्याच घाईपायी. धक्क्यावर बोटीचे दोर बांधणारे खलाशी, यारी चालविणारा, थैल्या पाठीवर घेणारे हमाल, पेट्या मोजणारा कारकून, रुळांचा सांधा बदलणारा सांधेवाला, कोळसा टाकणारा फायरमन, डबे झाडणारे सफाईवाले, अशी ही साखळी. तिच्यातला एक दुवा सैल झाला तर मेल उशिरा सुटणार. आणि तरीही ह्या साखळीतील कितीतरी माणसांची नोकरी दुसऱ्या दिवसापुरतीही पक्की नव्हती.

गोदीतल्या भरतीची रीत ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगतो. बोटीवरच्या कामाला माणसे आणी सारंग. धक्क्यावरच्या कामाला आणी टोळीवाला. बोट लागेल त्या दिवशी काम, न लागेल त्या दिवशी फाका. मजूर सकाळी फाटकाशी उभा राही आणि टोळीवाल्याची नजर आपल्यावर पडावी म्हणून धडपडे. मजुरी त्याच्या हातून मिळे, कर्जही त्याच्याकडूनच घ्यावे लागे. म्हणजे मालक कोण आणि सावकार कोण ह्याचा उलगडा होत नसे. भरती-ओहोटीचा नियम समुद्राला आहे, तसाच तो ह्या लोकांच्या पोटालाही होता. फरक इतकाच, की समुद्राच्या ओहोटीचे कोष्टक छापून मिळे, पोटाच्या ओहोटीचे मिळत नसे. कोकणातला माणूस किनाऱ्याच्या बोटीने भाऊच्या धक्क्याला उतरे, डोक्यावर वळकटी घेऊन चालत खोलीवर जाई, आणि पुढे उभा जन्म दुसऱ्यांच्या पेट्या मोलवर वाही. त्या गाडीत बसण्याचा प्रसंग त्याच्यावर कधी आला नाही.

पहिल्या महायुद्धात ह्या धक्क्याने निराळेच दृश्य पाहिले. मेसोपोटेमियाच्या मोहिमेसाठी मुंबई हे मुख्य बंदर होते. लाखो सैनिक येथून गेले. त्यांच्या बरोबर खेचरे गेली, चारा गेला, आणि रस्ते व रूळ बांधणारे मजूर गेले. परतीच्या बोटींनी जखमी आले. मशीद बंदरजवळच्या खलाशीगृहात त्या युद्धात समुद्रात नाहीशा झालेल्या दोन हजारांहून अधिक भारतीय खलाशांचे स्मारक आहे. समुद्र हीच ज्यांची कबर, अशी ही माणसे. गोदीत जन्म काढलेल्यांपैकीही थोड्यांनीच ते पाहिले असेल. आपण सवड काढून एकदा पाहावे, अशी आमची विनंती आहे.

ह्या स्थानकाच्या इतिहासातले सर्वांत लक्षात राहणारे वर्ष आमच्या मते १९३१. त्या वर्षी दुसऱ्या गोलमेज परिषदेसाठी १५ ऑगस्टला डॉ. बाबासाहेब आंबेडकर 'मुलतान' बोटीने निघाले आणि दोन आठवड्यांनी, २९ ऑगस्टला, महात्मा गांधी 'राजपुताना' बोटीने सर्वांत खालच्या वर्गाने निघाले. साहेबांच्या सोयीसाठी बांधलेला धक्का निरोप देणाऱ्या जनतेच्या गर्दीने भरून गेला. २८ डिसेंबरला गांधीजी परतले. त्या सकाळी एकीकडे काँग्रेसच्या स्वयंसेवकांनी स्वागताची तयारी केली होती आणि दुसरीकडे दलित समाजातील हजारो स्त्रीपुरुष काळी निशाणे घेऊन ह्याच मोल स्थानकाशी जमले होते. दोन्ही जमावांत चकमक उडाली. काही विद्वान हा प्रसंग सांगताना अवघडतात. आम्हांला त्याचे महत्त्व वाटते. राजकीय हक्कांच्या वाटणीत आपला वाटा कोणता, हा प्रश्न गिरणीत, गोदीत, झाडूखात्यात राबणाऱ्या लोकांनी येथे उघडपणे, स्वतःच्या आवाजात विचारला. ज्यांना ह्या फलाटावर हमाल म्हणून यावयाची मुभा होती, ते त्या दिवशी नागरिक म्हणून आले. पुढे आठवडाभरात, ४ जानेवारी १९३२ रोजी, गांधीजींना अटक झाली.

आता ज्याला आम्ही सर्वांत जास्त महत्त्व देतो त्या कायद्याच्या कथेकडे वळतो. १९२९ साली व्हिटले कमिशन नेमले गेले. त्यात मुंबईचे नामदार ना. म. जोशी हे सभासद होते. १९३१ च्या अहवालात कमिशनने गोदी कामगारांची नोंदणी करून रोजंदारीची ही बेभरवशाची रीत मोडावी, असे सुचविले. १९३४ साली गोदी कामगारांच्या सुरक्षिततेचा कायदा संमत झाला. परंतु तो अमलात आला १९४८ साली! चौदा वर्षे कायदा कागदावर आणि माणसे शिडीवरून खाली पडत होती. नोंदणीचा कायदाही १९४८ सालीच झाला आणि मुंबईत त्याची योजना लागू झाली १९५१ साली. म्हणजे कमिशनच्या शिफारशीनंतर वीस वर्षांनी. ज्या धक्क्यावर टपालाला वीस मिनिटांचा उशीर खपत नव्हता, त्याच धक्क्यावर मजुराच्या न्यायाला वीस वर्षांचा उशीर खपला. वेग आणि दिरंगाई ह्या दोन्ही गोष्टी माणसेच ठरवितात, एवढाच त्याचा अर्थ.

ह्या मधल्या काळात दोन मोठे आघात झाले. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टायकिन' ह्या बोटीला आग लागली. तिच्या पोटात कापसाच्या गाठी आणि सुमारे चौदाशे टन दारूगोळा एकत्र भरलेला होता. दुपारी चारच्या सुमारास पहिला आणि अर्ध्या तासाने दुसरा स्फोट झाला. शेकडो माणसे दगावली. आग विझवू गेलेले ६६ अग्निशामक जवान प्राणास मुकले. गोदीतली वखारींची रांग आणि रेल्वेचे रूळ उखडले गेले. हजारो मजुरांनी ढिगारे उपसून काही महिन्यांत गोद्या पुन्हा चालत्या केल्या. अग्निशामक जवानांची स्मृती दर वर्षी १४ एप्रिलपासूनच्या सप्ताहात पाळली जाते, हे योग्यच आहे. ढिगारे उपसणाऱ्यांचा सप्ताह नाही. दुसरा आघात १९४६ च्या फेब्रुवारीत. 'तलवार' ह्या नाविक तळावर १८ तारखेला संप झाला, तो सर्व आरमारभर पसरला. बॅलार्ड इस्टेटच्या शेजारी असलेल्या कॅसल बराकीत गोळीबार झाला. २२ तारखेला मुंबईच्या कामगारांनी नाविकांच्या पाठिंब्यासाठी हरताळ पाडला आणि त्या दिवसांत शहरात दोनशेहून अधिक माणसे गोळ्यांना बळी पडली.

मग स्थानक बंद कसे झाले? एखाद्या हुकमाने ते मेले असे नाही. त्याची मुळे एकेक करून सुकली. पहिले मूळ टपाल. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन विमानाने मुंबईस उतरले, आणि आगबोटीच्या थैलीचा मान त्या दिवशीच उतरणीला लागला. दुसरे मूळ साम्राज्य. १९४७ नंतर विलायतेहून अंमलदार येणे थांबले. तिसरे मूळ उत्तरेकडचे. फाळणी झाली आणि पेशावरला जाणारी वाट सरहद्दीवर तुटली. फ्राँटियर मेल अमृतसरला थांबू लागली. १९९६ साली तिचे नाव गोल्डन टेंपल मेल झाले. पंजाब मेल फिरोजपूरपर्यंत जाते. म्हणजे एका टोकाला समुद्र सुटला आणि दुसऱ्या टोकाला सरहद्द आली. मधला रूळ शाबूत राहूनही गाडीचा मूळ हेतू संपला. पुढे उतारू बोटींचा जमानाच गेला. १९८९ साली पलीकडे न्हावा शेवा येथे नवे बंदर सुरू झाले, कंटेनरच्या पेट्या आल्या, आणि एका टोळीचे दिवसभराचे काम यारी काही मिनिटांत करू लागली.

येथे आमच्या धंद्यातला एक मुद्दा मांडतो. यंत्र आले म्हणून आम्ही रडत नाही. दोन मणांचे ओझे पाठीवरून उतरले, हे चांगलेच झाले. प्रश्न इतकाच, की ओझे उतरले त्याचा फायदा कोणाच्या खात्यावर जमा झाला? १९४८ च्या कायद्याने मिळालेली नोंदणी, हजेरीची हमी, निवृत्तिवेतन ह्यांमुळे एक पिढी ताठ मानेने घरी बसू शकली. हे यंत्राने दिले नाही, साहेबाने दिले नाही. ते संघटनेने मिळविले. गोदी कामगारांचे पुढारी पी. डिमेलो १९५८ साली वारले. जुन्या फ्रिअर रोडला आज त्यांचे नाव आहे, आणि तो रस्ता गोदीच्या भिंतीलगतच धावतो. गव्हर्नराचे नाव जाऊन कामगार पुढाऱ्याचे नाव येणे, ही ह्या शहरात फार वेळा घडलेली गोष्ट नव्हे. तेवढा पुरावा आपल्याजवळ आहे.

बाकी पुरावा विरळ होत चालला आहे. बॅलार्ड बंदराचे जुने फाटकघर जतन झाले आहे, विटेटच्या इमारती उभ्या आहेत, आणि धक्क्याच्या वाढविलेल्या भागात आता सहलीच्या मोठ्या बोटी लागतात. म्हणजे उतारू पुन्हा येऊ लागले आहेत. बंदराच्या जमिनीवर नव्या वसाहतीचे बेत चालू आहेत. बेत आखणारे वारशाची भाषा बोलतात, तेव्हा आम्ही त्यांना एवढेच विचारतो, की वारसा म्हणजे केवळ कमान का? हजेरीचा बिल्ला, टोळीवाल्याची वही, मजुरांच्या पाळ्यांचे तक्ते, युनियनच्या सभांची हस्तपत्रके ह्यांना त्यात जागा आहे की नाही? ह्या वस्तू कोणत्याही सरकारी कपाटापेक्षा आपल्या घरांतल्या पत्र्याच्या पेट्यांत सापडण्याचा संभव जास्त.

म्हणून आमचे मागणे सरकारकडे नंतर, श्रोत्यांकडे आधी आहे. आपल्यापैकी ज्यांचे वडील, आजोबा गोदीत, पोर्ट ट्रस्टच्या रेल्वेत किंवा बोटीवर होते, त्यांनी घरातली पेटी उघडावी. जुना बिल्ला, पगाराची चिठ्ठी, फोटो सापडला तर रद्दीत घालू नये. त्याच्या मागे नाव, गाव आणि साल लिहून जवळच्या ग्रंथालयाला दाखवावे. घरात कोणी वृद्ध असेल तर त्याला कामाची पद्धत विचारावी: पाळी किती तासांची होती, ओझे किती मणांचे होते, पहिली पक्की हजेरी कोणत्या साली मिळाली. उत्तरे वहीत उतरवून घ्यावीत. इतिहास लिहिण्यास पदवी लागतेच असे नाही. चिकाटी आणि खरेपणा लागतो.

एवढी कामगिरी आपल्यावर सोपवून आम्ही आपली रजा घेतो.